माउईत टाइमशेअर घ्यावा का? सल्ला हवा आहे

नीरजा_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोजवळ, बे एरियात राहतो. दोन मुलं शाळेत आहेत आणि सासूसासरे नाशिकहून येऊन-जाऊन असतात. सुट्टी म्हटली की घरात सगळ्यांचं एकमत फक्त हवाईवर होतं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, पण समुद्रासमोर बाल्कनीत बसायला मिळालं की त्यांना दुसरं काही लागत नाही.

नुकतेच हवाईतल्या माउई बेटावर कानापालीला राहून आलो. तिथल्या एका रिसॉर्टच्या टाइमशेअरच्या (म्हणजे दर वर्षी ठराविक काळ राहायचा हक्क विकत घेण्याच्या) प्रेझेंटेशनला बसलो, कारण लुआउच्या, म्हणजे हवाईयन मेजवानी-नाचाच्या, तिकिटांवर मोठी सवलत होती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ऑफर अशी: दोन बेडरूमचं ओशन व्ह्यू युनिट, दर वर्षी एक आठवडा, कायमस्वरूपी डीड (मालकीचा दस्त), किंमत ४८,००० डॉलर. दहा टक्के डाउन पेमेंट, उरलेल्या रकमेवर त्यांचंच कर्ज, १४ टक्क्यांनी दहा वर्षं. मेंटेनन्स सध्या वर्षाला ३,२०० डॉलर. 'घरी जाऊन विचार करतो' म्हटल्यावर मॅनेजर आला, किंमत उतरली, बोनस पॉइंट वाढले. तरी नाही म्हटल्यावर शेवटी एका बाईंनी दोनेक हजारांचं 'ट्रायल पॅकेज' पुढे केलं. आम्ही कशावरही सही केलेली नाही.

पण नवऱ्याला ते पटलंय. तो म्हणतो, आपण सहा जण, हॉटेलात दोन खोल्या, म्हणजे रात्रीचे हजार डॉलर गेलेच. तेवढ्यात आपलं हक्काचं घर होईल आणि पुढे मुलांना मिळेल. त्याचा हिशेब ऐकला की मलाही पटतो, आणि तरी सही करायला हात धजत नाही. ज्यांच्याकडे आहे किंवा ज्यांनी नीट विचार करून नाकारलंय त्यांनी कृपया लिहा.

खाडीकाठ

नीरजा, आमच्याकडे आहे, कानापालीलाच, आणि आम्ही त्यात मनापासून खूश आहोत. म्हणून आधी चांगली बाजू सांगते.

सहा माणसांच्या मराठी कुटुंबाला हॉटेलची खोली आणि दोन बेडरूमचा व्हिला यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पूर्ण स्वयंपाकघर असतं. आम्ही घरून छोटा कुकर, गोडा मसाला आणि पोहे नेतो. काहुलुईला विमानतळाच्या अगदी बाजूला कॉस्टको आहे. उतरल्या उतरल्या तिथून दूध, भाज्या, अंडी, पपई घ्यायची आणि मग पश्चिमेकडे निघायचं. माझ्या आईबाबांना सकाळचा चहा त्यांच्या वेळेला, त्यांच्या चवीचा मिळतो. शाकाहारी माणसाला रिसॉर्टमधल्या जेवणात तिसऱ्या दिवशी काय खावं कळत नाही, तो प्रश्नच उरत नाही. खोलीतच वॉशर-ड्रायर असल्यामुळे वाळूने भरलेले मुलांचे कपडे रोज धुऊन निघतात. डिसेंबर ते एप्रिल हंपबॅक देवमासे येतात. आई लानाईवर, म्हणजे बाल्कनीत, दुर्बीण घेऊन बसते आणि फवारा दिसला की आम्हा सगळ्यांना हाका मारते.

पण आम्ही हे विकासकाकडून, म्हणजे रिसॉर्टच्या कंपनीकडून, घेतलेलं नाही. आधीच्या मालकाकडून रीसेलमध्ये घेतलं, तेही कर्ज न काढता. तुम्हाला सांगितलेल्या किमतीच्या पाव भागसुद्धा लागला नाही. डीड तेच, बाल्कनी तीच आणि समुद्रही तोच.

हिशेबनीस

नीरजाताई, यजमानांचा हिशेब चुकीचा नाही, त्यांनी तुलना चुकीच्या गोष्टीशी केलीय. आकडे मांडतो.

हॉटेल: दोन खोल्या, रात्रीचे १,०००, सात रात्री. त्यावर हवाईत राज्य आणि काउंटी मिळून अठरा टक्क्यांहून जास्त कर. म्हणजे ८,३०० च्या आसपास. रिसॉर्ट फी आणि पार्किंग आणखी वेगळं.

टाइमशेअर: ४८,००० रोख दिले आणि वीस वर्षांत वाटले तर वर्षाला २,४००. त्यात मेंटेनन्स ३,२००. एकूण ५,६००, रात्रीला ८००. हॉटेलपेक्षा स्वस्तच दिसतं. सेल्सवाला नेमकं इथपर्यंतच आणून थांबवतो.

आता पुढचं. रोख नाही, कर्जाने घेताय. ४३,२०० वर १४ टक्के, दहा वर्षं: महिन्याला साधारण ६७१ डॉलर. दहा वर्षांत सुमारे ८०,५००. डाउन पेमेंट धरून ८५ हजारांच्या वर. आणि मेंटेनन्स स्थिर राहत नाही. वर्षाला ५ टक्के वाढ धरली तर विसाव्या वर्षी बिल ८,००० च्या पुढे जातं आणि वीस वर्षांची बेरीज १ लाख ५ हजारांवर. म्हणजे खरी किंमत मेंटेनन्सची आहे. ४८,००० हे फक्त आत शिरायचं तिकीट.

आणि मुख्य मुद्दा. तुलना हॉटेलशी करायचीच नाही, त्याच युनिटशी करायची. तेच युनिट, त्याच आठवड्याला, ज्याला यंदा जाता येत नाही असा मालक भाड्याने देतो. बहुतेकांची अपेक्षा मेंटेनन्स निघाला, वर थोडे सुटले, एवढीच असते. रेडवीकसारख्या साइटवर तारखा टाकून बघा. जे सुमारे साडेतीन-चार हजारांत, कसलीही सही न करता, हव्या त्या वर्षी मिळतं, त्याच्यासाठी ८५ हजार आणि आयुष्यभराचं बिल का घ्यायचं, हा प्रश्न यजमानांना विचारा.

दादा_ठाणेकर

वाचतोय. इकडे भारतात हॉलिडे क्लबची सभासदत्वं साधारण २५ वर्षांची असतात, वर वार्षिक शुल्क असतं. तिथेही हव्या त्या तारखा मिळत नाहीत ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पण २५ वर्षांनी ते संपतं तरी. 'कायमस्वरूपी' म्हणजे नक्की काय? नको झालं तर परत देता येत नाही?

खाडीकाठ

दादा, डीड असेल तर ती स्थावर मालमत्ता आहे. तुम्ही असेपर्यंत तुमची, नंतर वारसांची. 'आता नको' म्हणून सोडून देता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर व्हावी लागते. काही कंपन्या कर्ज फिटलं असेल आणि मेंटेनन्स थकलेला नसेल तर परत घेतात, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग. सगळेच प्रकार कायमचे नसतात हेही खरं. ओआहू बेटावर को ओलिनाला डिस्नेचं औलानी आहे, तिथला करार २०६२ मध्ये संपतो. म्हणून विचारताना 'डीड आहे, कंपनीच्या ट्रस्टमधले (बुकिंगसाठी खर्चायचे) पॉइंट आहेत की मुदतीचा हक्क आहे' हे पहिलं विचारायचं.

सावनी_ऑस्टिन

'मुलांना मिळेल' या वाक्यावर मला लिहायचंय. माझं काम इस्टेट प्लॅनिंगच्या कागदपत्रांचं आहे, त्यामुळे ही गोष्ट दुसऱ्या टोकाकडून दिसते.

आईवडील गेल्यावर मुलांच्या हाती येतं ते मेंटेनन्सचं बिल. मुलगा बॉस्टनला, मुलगी ऑस्टिनला, दोघांनाही त्या आठवड्यात सुट्टी नाही, आणि दोघांची नावं डीडवर. शिवाय हवाईतली डीड असलेली मालमत्ता लिव्हिंग ट्रस्टमध्ये (हयातीतच केलेल्या कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये) टाकलेली नसेल तर कॅलिफोर्नियातल्या प्रोबेटखेरीज, म्हणजे वारसाच्या कोर्टकामाखेरीज, हवाईतही वेगळी प्रक्रिया करावी लागू शकते. काही हजारांत विकल्या जाणाऱ्या आठवड्यासाठी वकिलाची फी!

वारसांना नाकारता येतं. फेडरल कायद्यानुसार नऊ महिन्यांच्या आत लेखी नकार द्यावा लागतो, आणि तोपर्यंत त्याचा कुठलाही लाभ घेतलेला चालत नाही. 'बाबांच्या आठवणीसाठी एकदा जाऊन येऊ' म्हणून राहून आलात की नकार द्यायची वाट बंद होते. दुःखात असलेल्या माणसांना हे सांगायची वेळ येते तेव्हा मला फार वाईट वाटतं. म्हणून कळकळीने सांगते, घ्यायचं तर स्वतःच्या उपभोगासाठी घ्या. मुलांसाठी म्हणून घेऊ नका.

प्रशांत_ओआहू

मी इथे बेटांवर राहतो, म्हणून मेंटेनन्स का वाढतो ते सांगतो.

सिमेंटपासून गाद्यांपर्यंत सगळं जहाजाने येतं. खाऱ्या हवेत रेलिंग, एसी, लिफ्ट, सगळ्याचं आयुष्य कमी होतं. वादळ आणि आग यांमुळे विम्याचे हप्ते चढलेत. माउई काउंटीत मालमत्ता करात टाइमशेअरचा वेगळा वर्ग आहे आणि त्याचा दर सर्वांत चढ्या दरांपैकी एक आहे. त्याखेरीज टाइमशेअरमध्ये राहण्यावर राज्याचा कर आहे. तो रोजच्या मेंटेनन्सच्या निम्म्या रकमेवर लागतो. १ जानेवारी २०२६ पासून त्याचा दर १०.२५ वरून ११ टक्के झालाय, वर काउंटीचे ३ टक्के. हे सगळं शेवटी मालकांच्या बिलात उतरतं.

दुसरं, विशेष आकारणी. मोठी दुरुस्ती निघाली आणि राखीव निधी पुरला नाही तर प्रत्येक मालकाकडून एकरकमी पैसे मागतात. कवाई बेटावर पोईपूला एका रिसॉर्टच्या भिंतींत पाणी मुरत होतं, २०११ च्या सुमारास तिथल्या मालकांना हजारो डॉलरची आकारणी आली. त्याच कवाईवर ११ सप्टेंबर १९९२ ला इनिकी वादळ आलं, तेव्हा कोको पाम्ससारखं नावाजलेलं हॉटेल बंद पडलं आणि तीस वर्षं ओस पडून होतं. सही करण्याआधी रिसॉर्टच्या असोसिएशनचं बजेट आणि राखीव निधीचा अहवाल मागा. सेल्सच्या टेबलावर तो कुणी आपणहून दाखवत नाही, पण मागायचा हक्क आहे.

आणि कानापालीशेजारचं लाहाइना गाव. ८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत शंभराहून जास्त माणसं गेली, हजारोंची घरं गेली. कानापालीची रिसॉर्टं वाचली आणि तिथल्या हॉटेलांत कित्येक महिने बेघर झालेली कुटुंबं राहत होती. तुम्हाला सकाळी खोली आवरून देणाऱ्या बाईचं स्वतःचं घर गेलेलं असू शकतं. मे २०२४ मध्ये माउईच्या महापौरांनी अपार्टमेंट झोनमधली पर्यटकांची भाड्याची घरं बंद करून ती स्थानिकांना राहायला मिळावीत असा प्रस्ताव मांडला. हॉटेल झोनमधल्या टाइमशेअरवर त्याचा थेट परिणाम नाही, पण असा कायमचा करार करताना त्या बेटाचं काय चाललंय हे माहीत असावं असं मला वाटतं. जरूर या, लाहाइनाच्या लोकांच्या दुकानांत खर्च करा. इथल्या लोकांना त्याची गरज आहे.

अनघा_न्यूजर्सी

आमच्यासाठी उत्तर सोपं होतं. न्यूअर्कहून होनोलुलू थेट विमानाने अकरा तासांच्या आसपास, माउईला तर बदलून जावं लागतं. लहान मूल आणि सत्तरीच्या आई, दर वर्षी हे शक्यच नव्हतं. तेव्हा सेल्समन म्हणाला, "जाऊ नका, एक्स्चेंज करा, जगभर फिरा."

एक्स्चेंजचा कारभार समजून घ्या. आरसीआय आणि इंटरव्हल इंटरनॅशनल या दोन मोठ्या संस्था. आपला आठवडा त्यांच्याकडे जमा करायचा, सभासद फी भरायची, प्रत्येक अदलाबदलीला वेगळी फी भरायची आणि हवं ते मिळेल याची वाट बघायची. हवाईचा आठवडा जमा करून कमी मागणीची जागा मिळणं सोपं आहे. पण मग ३,२०० मेंटेनन्स भरून जिथे नुसतं बुकिंग ९०० ला मिळतं तिथे राहायचं, याला अर्थ नाही. एक्स्चेंजसाठी हवाईत घेऊ नये. हवाईला जायचं असेल तरच हवाईत घ्यावं.

तुम्ही बे एरियातून पाच-सव्वापाच तासांत थेट पोचता, म्हणून तुमचं गणित वेगळं असू शकतं.

नीरजा_फ्रीमाँट

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्याने स्वतः एक्सेलमध्ये मांडून पाहिलं आणि आकडे जुळले. कर्ज काढून घ्यायचं नाही एवढं तरी घरात नक्की झालं.

दोन शंका. रीसेलमध्ये इतकं स्वस्त मिळतं तर त्यात काहीतरी कमी असणारच ना? आणि मुलांच्या शाळेमुळे आम्हाला स्प्रिंग ब्रेक किंवा नाताळच हवा. तो मिळतो का?

खाडीकाठ

मालकाला मेंटेनन्स नकोसा झालेला असतो, म्हणून स्वस्त. वय झालं, प्रवास होत नाही, मुलांना रस नाही. विकासकाच्या किमतीत मार्केटिंगचा मोठा वाटा असतो, तुमच्या लुआउची सवलतही त्यातलीच, आणि तो रीसेलमध्ये गळून पडतो.

कमी असतं ते हे: पॉइंटच्या योजनांमध्ये बऱ्याच कंपन्या रीसेलवाल्याला काही सोयी देत नाहीत, म्हणजे इतर रिसॉर्टमध्ये बुकिंग, वरचा दर्जा, हॉटेलच्या पॉइंटमध्ये रूपांतर. ज्याला त्याच रिसॉर्टला, त्याच खोलीत परत परत जायचंय त्याचं यात काही बिघडत नाही. दुसरं म्हणजे कंपनीला 'राइट ऑफ फर्स्ट रिफ्यूजल' असू शकतो. तुमचा सौदा ठरला की त्याच किमतीत ते स्वतः घेऊ शकतात. त्यासाठी थांबायची तयारी ठेवायची.

तारखांचं मात्र नीट ऐक. हवाईत बहुतेक रिसॉर्टमध्ये थंडी-उन्हाळा असा फरक नाही, जवळजवळ वर्षभर एकच सीझन. म्हणजे फ्लोटिंग आठवडा (तारीख दर वर्षी आपण बुक करायची) घेतलास तर स्प्रिंग ब्रेकसाठी सगळ्या कॅलिफोर्नियाशी स्पर्धा. बुकिंग साधारण वर्षभर आधी ज्या दिवशी उघडतं, त्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडून बसावं लागतं. नाताळचे ५१ आणि ५२ हे आठवडे तर अनेक ठिकाणी वेगळेच विकलेले असतात, फ्लोटिंगवाल्याला मिळतच नाहीत. शाळा असेपर्यंत तुम्हाला फिक्स्ड, म्हणजे दर वर्षी तोच ठरलेला, आठवडाच उपयोगी.

अजून एक विचारून घे: युनिट 'लॉक-ऑफ' आहे का? म्हणजे दोन बेडरूमचे मधलं दार बंद करून दोन भाग करता येतात, एक स्टुडिओ आणि एक वन बेडरूम. सासूसासरे नसतील त्या वर्षी एकाच मालकीत दोन वेगळे आठवडे काढता येतात. आमच्या घरी याचा सगळ्यात जास्त उपयोग झालाय.

हिशेबनीस

रीसेलमध्ये बघायच्या गोष्टी: चालू मेंटेनन्स कोणी भरलाय, यंदाचा आठवडा वापरलाय की शिल्लक आहे, मागच्या पाच वर्षांची बिलं. पैसे थेट विकणाऱ्याला द्यायचे नाहीत, एस्क्रोमार्फत द्यायचे, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत ते त्रयस्थाकडे राहतात. टग म्हणून मालकांचा जुना गट आहे, १९९३ पासूनचा. तिथे लोक नको असलेले आठवडे फुकटातसुद्धा देतात. तिथल्या चर्चा शांतपणे वाचल्या तर एकेका इमारतीची, एकेका व्ह्यूची माहिती मिळते.

दर वर्षी जमणार नसेल तर 'एव्हरी अदर इयर' बघा. एक वर्षाआड आठवडा, मेंटेनन्सचा भारही साधारण निम्मा.

सावनी_ऑस्टिन

कुणी या धाग्यावर आधीच सही करून आलं असेल तर त्यांच्यासाठी: हवाईत सही केल्यापासून सात दिवसांत रद्द करता येतं. डिस्क्लोजरची, म्हणजे सगळी माहिती उघड करणारी, कागदपत्रं नंतर हातात आली असतील तर सात दिवस तेव्हापासून. फोनवर सांगून भागत नाही. करारात जो पत्ता आणि जी पद्धत दिलीय त्याप्रमाणे लेखी कळवायचं आणि पोचपावती जपून ठेवायची. मुदत राज्यागणिक बदलते, फ्लोरिडात दहा दिवस, नेवाडात पाच. रद्दचा कागद बऱ्याचदा जाडजूड फोल्डरच्या तळाशी असतो, शोधा.

आणि ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांना 'तुमचा टाइमशेअर विकत घ्यायला ग्राहक तयार आहे, आधी कराची रक्कम भरा' असे फोन आले तर एक पैसाही देऊ नका. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने आणि एफबीआयने यावर जाहीर इशारा दिलाय. मेक्सिकोतल्या मादक पदार्थांच्या टोळ्या हा धंदा चालवतात आणि वयस्क मालकांना लुबाडतात. तुमच्या ओळखीत मेक्सिकोत टाइमशेअर असलेले काका-काकू असतील तर आजच फोन करून सांगा.

दादा_ठाणेकर

सावनीताई, ही माहिती फार मोलाची. माझ्या मेहुण्यांकडे कॅनकूनचा आहे, त्यांना लगेच पाठवतो.

अनघा_न्यूजर्सी

नीरजा, एक सुचवू? दर वर्षी माउईच का? भाड्याने घ्यायचं ठरवलंत तर एकदा कवाईला जा. तिथे वाईलुआजवळ हिंदू मठ आहे, १९७० पासूनचा. तिथलं इराइवन मंदिर चोल शैलीत, बंगळुरूजवळ हाताने घडवलेल्या ग्रॅनाइटचं, २०२३ मध्ये कुंभाभिषेक झाला. सासूसासऱ्यांना फार आवडेल. जाण्याआधी दर्शनाच्या वेळा बघून ठेवा. कवाईवर लिहूए गावातही कॉस्टको आहे. मालकी घेतली की माणूस त्याच आठवड्याला, त्याच किनाऱ्याला बांधला जातो, आणि तुमची मुलं अजून लहान आहेत, त्यांना बाकीची बेटंही दिसू देत.

नीरजा_फ्रीमाँट

काल रात्री सगळा धागा दोघांनी मिळून परत वाचला. आमचा निर्णय झाला. विकासकाकडून घ्यायचं नाही, ट्रायल पॅकेजही नाही. पुढच्या स्प्रिंग ब्रेकला कवाई, पोईपूच्या बाजूला, दोन बेडरूम, मालकाकडून भाड्याने. तळमजला किंवा लिफ्टजवळचं युनिट शोधतोय, सासूबाईंसाठी. मुलगा हायस्कूलला जाईपर्यंत असंच करायचं. त्यानंतरही दर वर्षी त्याच ठिकाणी जावंसं वाटलं तर खाडीकाठताईंसारखा फिक्स्ड आठवडा रीसेलमध्ये, रोख पैशात, ट्रस्टच्या नावावर.

नवऱ्याने स्वतःहून एक जाहिरात शोधलीये, मेंटेनन्सपेक्षा सुमारे पाचशे डॉलर जास्त मागतायत. अनोळखी मालकाला पैसे पाठवताना काय काळजी घ्यायची?

खाडीकाठ

भावात घासाघीस कर, तारीख जवळ येत गेली की मालक उतरतात, पण स्प्रिंग ब्रेकसाठी फार थांबू नकोस. मालकाला सांग की बुकिंग तुझ्या नावावर करून दे. मग तू स्वतः रिसॉर्टच्या मुख्य नंबरवर फोन कर, जाहिरातीतल्या नंबरवर नाही, आणि तुझं नाव, तारखा, युनिटचा प्रकार त्यांच्याकडे दिसतोय का ते विचार. त्यांनी हो म्हटल्यावरच पैसे दे, तेही क्रेडिट कार्डने किंवा साइटच्या सुरक्षित पेमेंटमधून. झेल (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) किंवा वायर नको. दोघांच्या सहीचा साधा भाडेकरार घे. पार्किंग, राहण्याचा कर आणि पाहुण्याच्या नावाने बुकिंग करायची फी कोण भरणार, हे त्यातच लिहून घे.